उपदेशाची वाटणी : ख्रिस्ती प्रवचन-योजनेचा वाङ्मयीन विचार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ख्रिस्ती लेखनाची दखल घेतली आहे ती प्रायः ग्रंथांच्या आधाराने. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही नावे कोणत्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमात आढळतात. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराने मराठी ख्रिस्ती मंडळींचे मन प्रत्यक्ष घडविले, तो दर रविवारी व्यासपीठावरून होणारा उपदेश ह्या इतिहासात जवळजवळ कोठेच नाही. उपदेश बोलला जातो आणि विरून जातो, हे त्याचे एक कारण होय. पण दुसरेही एक कारण आहे, आणि ते आपल्या समीक्षापद्धतीत आहे. आपण कर्ता शोधतो आणि कृती शोधतो. साप्ताहिक उपदेशाला पूर्ण अर्थाने ना एक कर्ता असतो, ना तो एक स्वतंत्र कृती असतो. कोणी बोलावे, कोठे बोलावे, कोणत्या वचनावर बोलावे आणि वर्षाच्या कोणत्या वेळी बोलावे, हे बहुधा आधीच ठरलेले असते. उपदेशक तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या भाषणाचा निम्मा आकार सिद्ध झालेला असतो.

हा आकार सिद्ध करणारी जी व्यवस्था, तिला प्रस्तुत निबंधात ‘योजना’ असे म्हटले आहे. ख्रिस्ती परंपरेत अशा योजनांचे निरनिराळे प्रकार निर्माण झाले. त्यांनी मराठी उपदेशाच्या रूपावर व भाषेवर कोणता परिणाम केला असावा, आणि त्यांचे वाङ्मयीन गुणदोष कोणते, एवढाच येथील प्रश्न आहे. त्यांच्या धर्मशास्त्रीय यथार्थतेचा विचार येथे अभिप्रेत नाही.

ह्या विचारासाठी देगलूर हे स्थान सोयीचे आहे. मराठी वाणीच्या इतिहासात देगलूरचे नाव ज्या कारणाने गाजले ते कारण ख्रिस्ती नव्हे, तर वारकरी आहे. गुंडामहाराज देगलूरकरांपासून विसाव्या शतकातील धुंडामहाराज देगलूरकरांपर्यंत चालत आलेली कीर्तन-प्रवचनाची परंपरा, पंढरपुरातील देगलूरकरांचा फड आणि जवळच्या औशाच्या नाथपरंपरेशीही नाते सांगणारे चक्रीभजन, ह्यांमुळे बोललेल्या शब्दाची शिस्तबद्ध वाटणी म्हणजे काय हे ह्या भागातील श्रोत्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुसरीकडे, हे गाव तीन भाषांच्या सांध्यावर वसलेले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल हा भाग निजामाबाद जिल्ह्यात गेला आणि उरलेला तालुका मराठी प्रदेशात आला. पूर्वेकडे मेदकच्या धर्मप्रांताचा तेलुगू प्रदेश आहे. तेथील मंडळ्यांचा पाया ब्रिटिश वेस्लियन मिशनने घातला आणि १९४७ मध्ये त्या चर्च ऑफ साउथ इंडिया ह्या संयुक्त मंडळीत आल्या. दक्षिणेकडे बिदर आहे. तेथील मेथॉडिस्ट परंपरा अमेरिकन मूळाची असून १९८१ मध्ये ती मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया ह्या स्वायत्त संस्थेत परिणत झाली. पश्चिमेकडे व वायव्येकडे, जुन्या निजामी मराठवाड्यात, औरंगाबादला अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी आणि जालन्याजवळील बेथेल येथे स्कॉटिश फ्री चर्चचे नारायण शेषाद्री ह्यांनी काम केले. ते दोन्ही प्रवाह ज्या मंडळ्यांत होते, त्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये मिळाल्या. कॅथलिक व्यवस्थेत हा प्रदेश १९७७ मध्ये निर्माण झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. सारांश, उपदेशाच्या निरनिराळ्या योजना आणि कीर्तनाची एक जुनी योजना ह्या साऱ्यांच्या मध्यभागी देगलूर उभे आहे. येथून पाहिले असता त्यांची तुलना कृत्रिम वाटत नाही.

१

योजनेचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे ग्रंथ. उपदेशकाच्या योग्यतेवर विश्वास नसेल, किंवा उपदेशकच पुरेसे नसतील, तर बोलावयाचे शब्दच लिहून द्यावयाचे, असा हा मार्ग आहे. इंग्लंडमध्ये १५४७ साली ठरावीक उपदेशांचा संग्रह अधिकृतपणे प्रसिद्ध झाला, तो ह्याच हेतूने. स्वतः उपदेश करण्यास असमर्थ अशा पुरोहिताने तो वाचून दाखवावा, अशी अपेक्षा होती. मराठीत ह्या प्रकाराचे सर्वश्रेष्ठ उदाहरण मात्र गद्यात नसून पद्यात आहे. १६१६ मध्ये गोव्यात छापलेले स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराण’ सासष्टीतील चर्चमध्ये रविवारी व सणाच्या दिवशी वाचले जात असे. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री गुरूपुढे मागणी मांडतो ती हीच, की जुनी पुराणे गेली, आता आम्ही काय वाचावे? म्हणजे ह्या ग्रंथाची प्रेरणाच मुळी एका रिकाम्या झालेल्या वेळेतून निर्माण झाली आहे.

‘ख्रिस्तपुराणा’कडे काव्य म्हणून पाहणाऱ्या समीक्षकांनी त्याच्या ओव्यांच्या माधुर्याची चर्चा पुष्कळ केली आहे. योजना म्हणून त्याचा विचार करता निराळीच गोष्ट ध्यानात येते. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, आणि सर्व मिळून सुमारे अकरा हजार ओव्या, असा हा विस्तार आहे. तो अवस्वरांत विभागलेला आहे, आणि अवस्वर हे वाचनाला सोयीचे एकक आहे. श्रोत्याला एका आठवड्याचा भाग मागील आठवड्याच्या भागाला जोडून मिळतो. कथेचा धागा तुटत नाही. पुराणिकाच्या वाचनाची सवय असलेल्या समाजाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. ग्रंथरूप योजनेचा हा मोठा गुण होय : ती सातत्य देते.

तिचा दोषही तेवढाच उघड आहे. वाचणारा कोणीही असो, बोलणारा एकच असतो, आणि तो ग्रंथकार. श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ते ग्रंथात आधीच असावे लागते. स्टीफन्स यांनी हा दोष ओळखला होता असे वाटते. कारण शिष्यांचे प्रश्न व गुरूची उत्तरे ही चौकट त्यांनी ग्रंथातच गुंफली आहे. श्रोत्याचा आवाज त्यांनी आगाऊच लिहून ठेवला. पण लिहून ठेवलेला प्रश्न हा विचारलेल्या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय भाषेवर गदा आली की असा ग्रंथ एकाकी पडतो. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. अशा प्रसंगी जिवंत उपदेशकांची परंपरा भाषेला घरोघर टिकवून धरू शकते. ग्रंथ केवळ वाचकाची वाट पाहत राहतो.

२

दुसरा प्रकार पाठक्रमाचा. येथे उपदेशकाचे शब्द ठरविलेले नसतात. त्याने कोणत्या वचनावर बोलावयाचे ते ठरविलेले असते. ही कल्पना फार प्राचीन आहे. अँग्लिकन परंपरेत १५४९ च्या आणि पुढे १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने वर्षभराचे शास्त्रपाठ नेमून दिले. कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, रविवारच्या पाठांचे तीन वर्षांचे चक्र आले : एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे शुभवर्तमान ह्या तिघांत वाटून दिलेले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित सामाईक पाठक्रमाने अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हीच तीन वर्षांची रचना रूढ केली. चर्च ऑफ साउथ इंडियाने आपल्या पंचांगात प्रत्येक रविवारला एकेक विषयही नेमून दिला आहे.

पाठक्रमाचे वाङ्मयीन महत्त्व दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे तो वर्षाला कथानक देतो. आगमनकाळातील प्रतीक्षा, ख्रिस्तजन्म, उपवासकाळाची उदासी, शुभ शुक्रवारचा अंधार आणि पुनरुत्थानाचा रविवार, अशी चढण वर्षातून एकदा पुन्हा घडते. प्रत्येक उपदेश ह्या चढणीवरील एक पायरी ठरतो. उपदेशक सामान्य असला तरी ऋतूच त्याच्यासाठी बोलत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाठक्रम उपदेशकाला त्याच्या आवडीपासून वाचवितो. स्वैर निवडीचा अधिकार मिळालेला वक्ता लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राकडे पुनःपुन्हा वळण्याचा संभव असतो. त्या दृष्टांतावर बोलणे सोपे, आणि श्रोत्याचे डोळे ओले करणे त्याहून सोपे. पण त्याच्या लगतचाच सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दृष्टांत कोणी आपण होऊन निवडील असे नाही. त्या कारभाऱ्याची लबाडी धन्याने वाखाणावी, ह्याचा उलगडा करताना उपदेशकाला विचार करावाच लागतो. पाठक्रम त्याला तेथे आणून उभा करतो. आवडीच्या वचनावर वक्तृत्व फुलते. नावडीच्या वचनावर गद्य कसाला लागते.

तथापि पाठक्रमही निवडच आहे, आणि प्रत्येक निवडीत काही गाळलेले असते. शास्ते ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील त्या अनाम स्त्रीची भीषण कथा रविवारच्या पाठांत येत नाही. जी मंडळी केवळ रविवारीच बायबल ऐकते, तिच्यापुरते ते प्रकरण अस्तित्वातच नसते. म्हणून पाठक्रमाचा अभ्यास करणाऱ्याने त्यात काय आहे ह्याबरोबरच काय नाही हेही पाहिले पाहिजे. एका समाजाच्या स्मरणात कोणत्या कथा राहाव्यात आणि कोणत्या राहू नयेत, ह्याचा निर्णय ह्या यादीत झालेला असतो.

पाठक्रम बोलणाऱ्याविषयी काही सांगत नाही, ही त्याची मर्यादा. कॅथलिक व्यवस्थेत तो प्रश्न निराळ्या रीतीने सोडविलेला आहे : १९८३ च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे मिस्सातील प्रवचन हे धर्मगुरू वा उपधर्मगुरू यांच्यासाठी राखून ठेवलेले असून, प्रापंचिक व्यक्तींना चर्चमध्ये बोलण्याची मुभा त्याबाहेरच्या विशिष्ट प्रसंगी मिळते. म्हणजे वचन सर्वांना वाटले आहे. वाणी मात्र वाटलेली नाही.

३

तिसरा प्रकार ह्याच्या अगदी उलट आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–१७९१) ह्यांच्या चळवळीतून मेथॉडिस्ट परंपरा निर्माण झाली. तिच्यात गावागावांचे गट पाडून त्यांना ‘सर्किट’ म्हणत, आणि त्या गावांतून उपदेशकांची फेरी ठरविणारा एक तक्ता तयार करीत. इंग्रजीत त्याला नुसते ‘प्लॅन’ असेच म्हणतात. साधारणतः तो तीन महिन्यांचा असतो. वरच्या ओळीत रविवारांच्या तारखा, डाव्या बाजूला गावे व उपासनेच्या वेळा, आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवशी त्या गावी बोलणाऱ्याचा अनुक्रमांक अथवा नाव. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, सुगीची उपकारस्तुती ह्यांसाठी वेगळ्या खुणा. जुन्या तक्त्यांत उपदेशकांची यादी ज्येष्ठतेप्रमाणे असे : प्रथम दीक्षित पाळक, मग स्थानिक उपदेशक, आणि अगदी शेवटी परीक्षाधीन उमेदवार.

ह्या तक्त्यात वचनाचा उल्लेख मुळीच नसतो. काय बोलावयाचे ते बोलणाऱ्यावर सोपविलेले असते. कोणी बोलावयाचे हेच काय ते ठरते. एकाच मंडळीपुढे वर्षानुवर्षे बोलत राहणाऱ्या उपदेशकाचा साठा संपतो आणि मंडळी निद्रिस्त होते, अशी वेस्लींची धारणा होती. म्हणून आवाज फिरता ठेवावयाचा. आणि गावे पुष्कळ, पाळक थोडे, म्हणून सुतार, शेतकरी, शिक्षक अशा प्रापंचिक माणसांनाही त्या फेरीत सामील करून घ्यावयाचे. अमेरिकन मेथॉडिस्ट परंपरेत ह्याच तत्त्वाने निराळे रूप घेतले : बिशप दर वर्षी पाळकांच्या नेमणुका जाहीर करीत, आणि स्थानिक उपदेशकाचा परवाना त्रैमासिक सभेपुढे तपासणीसाठी येत असे.

वाङ्मयीन दृष्टीने ह्या योजनेतील सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे उमेदवाराची परीक्षा. त्याने प्रत्यक्ष मंडळीपुढे उपदेश करावयाचा, जाणत्या उपदेशकांनी तो ऐकावयाचा, आणि मग सभेत त्याच्या गुणदोषांची चर्चा व्हावयाची. वचनाचा अर्थ बरोबर लागला काय, मांडणीत क्रम होता काय, भाषा श्रोत्यांना समजली काय, वेळेचे भान राहिले काय, अशा कसोट्या तेथे लागतात. ही समीक्षाच होय. आपण समीक्षेचा उगम छापलेल्या नियतकालिकांत शोधतो. परंतु मौखिक गद्याची नियमित, सामुदायिक आणि परिणामकारक समीक्षा करणाऱ्या अशा संस्था आपल्या आसपासच होत्या, ह्याची नोंद आपण घेतलेली नाही.

ह्या योजनेचे दोष लपविण्याचे कारण नाही. आज एक वक्ता, पुढील रविवारी दुसरा. आधीचा काय बोलून गेला हे नंतरच्याला ठाऊक नसते. ‘ख्रिस्तपुराणा’ने दिलेले सातत्य येथे नाही, आणि पाठक्रमाने दिलेली चढणही नाही. फिरत्या उपदेशकाला प्रत्येक गावी श्रोता नवा मिळतो. म्हणून दोनचार उपदेशांच्या भांडवलावर तो वर्ष काढू शकतो. मंडळीला विविध आवाज मिळतात, पण एका विचाराची वाढ पाहावयास मिळत नाही. तक्त्याने जागा भरते. ती जागा अर्थपूर्ण होईल याची हमी तक्ता देत नाही.

४

देगलूरच्या वाचकाला हा तक्ता ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका ज्याने वाचली आहे, त्याने असाच तक्ता वाचलेला आहे. दिवस, वेळ, काकडा, ज्ञानेश्वरी-पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, आणि प्रत्येक दिवसापुढे एकेका महाराजांचे नाव. कीर्तनकाराने कोणता अभंग घ्यावा हे पत्रिकेत लिहिलेले नसते. ते त्याच्यावर आणि प्रसंगावर सोपविलेले असते. रामनवमीला, गोकुळाष्टमीला, संतांच्या पुण्यतिथीला निरूपणाचा अभंग त्या त्या प्रसंगाला धरून निवडतात, आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला काल्याचाच अभंग लागतो. म्हणजे सप्ताहात वक्त्याची योजना लेखी आहे आणि वचनाची योजना अलिखित आहे. पाठक्रम आणि प्लॅन ह्या ख्रिस्ती इतिहासात वेगळ्या पडलेल्या दोन गोष्टी येथे एकत्र नांदतात.

तथापि साम्य पाहून थांबणे योग्य नाही. भेदच अधिक बोलके आहेत. सप्ताहातील कीर्तनकार निमंत्रित असतो. त्याचे नाव ऐकून श्रोते येतात, आणि गावकऱ्यांच्या पसंतीवर पुढील वर्षीचे निमंत्रण अवलंबून असते. प्लॅनमधील उपदेशक निमंत्रित नसून प्रेषित असतो. कोणी बोलाविले म्हणून नव्हे, तर पाठविले म्हणून तो जातो. श्रोत्याची पसंती कीर्तनाला रंगत देते, पण तीच कीर्तनकाराला श्रोत्याच्या अधीनही करते. उलट, पाठविलेल्या उपदेशकाला अप्रिय सत्य सांगण्याचे स्वातंत्र्य अधिक, परंतु कंटाळवाणे होण्याची मुभाही अधिक. दुसरा भेद शेवटाचा. सप्ताहाला काल्याचा कळस आहे. लाह्या-दह्याच्या त्या प्रसादात सात दिवसांचे श्रवण एकवटते. तीन महिन्यांचा तक्ता मात्र कॅलेंडरात कोठेतरी संपतो आणि दुसरा सुरू होतो. तिसरा भेद अधिकाराचा. फडाची धुरा पुष्कळदा घराण्यात चालते आणि तिच्यामागे परंपरेचे तेज असते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन करून कीर्तनाचे शिक्षण घराण्यापलीकडे नेले, हे ह्या संदर्भात मोठे पाऊल मानले पाहिजे. प्लॅनमध्ये घराण्याला तत्त्वतः स्थान नाही. ज्याने परीक्षा दिली त्याला चौकोन मिळतो.

मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेवर ह्या शेवटच्या गोष्टीचा अर्थ फार गंभीर होतो. मेदक परिसरातील मंडळ्यांत प्रामुख्याने माला व मादिगा समाजातील लोक आले. ज्यांना गावाच्या देवळात ऐकण्याचाही हक्क नव्हता, त्यांच्यातील एखाद्याचे नाव छापील तक्त्यात ‘उपदेशक’ म्हणून यावे आणि शेजारच्या गावाने त्याचे ऐकावे, ही घटना केवळ धार्मिक नव्हे. बोलण्याचा अधिकार ही सामाजिक संपत्ती आहे, आणि तक्ता तिची वाटणी करतो. स्त्रियांच्या बाबतीत ही वाटणी बराच काळ अपुरी राहिली. घरोघर बायबल सांगत फिरणाऱ्या स्त्रियांनी उपदेशाचे मोठे कार्य केले, पण ते बहुधा व्यासपीठाच्या बाहेर. अमेरिकन मेथॉडिस्ट परंपरेने स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार दिले ते १९५६ मध्ये. कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना तिच्या चौकोनांत कोणाची नावे नाहीत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

५

येथे असा आक्षेप येईल, की मराठी ख्रिस्ती परंपरेत कीर्तन नव्हते काय? होते, आणि ते उत्तम होते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे ह्यांनी त्याला कवित्वाची जोड दिली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी कीर्तन, भजन व अभंग ह्यांच्या द्वारा ख्रिस्तभक्तीला मराठी वळण देण्याचा आयुष्यभर यत्न केला. १९१७ मध्ये मिशनशी असलेला वेतनी संबंध सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या त्यांच्या संकल्पामागेही, मिशनच्या परकी व्यवस्थेतून भक्ती मोकळी करावी, हीच तळमळ होती.

असे असता ख्रिस्ती कीर्तन साप्ताहिक उपासनेचे नित्य अंग का बनले नाही? सामान्यतः ह्याचे उत्तर मंडळ्यांच्या पाश्चात्त्य वळणात शोधले जाते. ते काही अंशी खरे आहे. पण पूर्ण नव्हे. कीर्तनाला वक्ता, गायक, कवी आणि कथेकरी ह्या चारही गुणांचा एका देहात संगम लागतो. असा माणूस दर रविवारी दर गावाला मिळत नाही. वारकरी परंपरेने ही अडचण फड, दिंडी आणि टाळकऱ्यांची दीर्घ उमेदवारी ह्यांनी सोडविली : मागे उभे राहून टाळ वाजविणाऱ्यांतून पुढचा कीर्तनकार घडतो. ख्रिस्ती कीर्तनाला सांगळे व टिळक मिळाले. फड मिळाला नाही. ज्या गुणामुळे ते वाङ्मय ठरले, त्याच गुणामुळे त्याची वाटणी होऊ शकली नाही.

उलट टिळकांची गीते पाहावीत. ‘उपासना-संगीत’ ह्या संग्रहाच्या द्वारे ती मंडळ्यांच्या हाती गेली आणि राहिली. गीताला कीर्तनकार लागत नाही. मंडळीच ते म्हणते. उपदेशक कोणीही असो, तक्त्यात कोणाचेही नाव असो, त्या रविवारी टिळकांचे शब्द उपासनेत येऊ शकतात. कीर्तनकार टिळक त्यांच्या देहाबरोबर १९१९ मध्ये अस्तास गेले. गीतकार टिळक योजनेत शिरले म्हणून उरले. ह्यावरून निघणारा निष्कर्ष आमच्या मते महत्त्वाचा आहे. मौखिक धर्मवाङ्मयाचे आयुष्य केवळ त्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही. ते कितपत वाटून देता येते ह्यावरही ठरते. टिळकांच्या कार्याचे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षकांनी त्यांची प्रतिभा तोलली, पण तिला उपलब्ध असलेल्या किंवा नसलेल्या व्यवस्था तोलल्या नाहीत.

६

आता भाषेचा प्रश्न. मराठी बायबलची भाषा ही ग्रंथांची भाषा आहे. श्रीरामपूरच्या १८११ च्या नव्या करारापासून पुढे अनेक आवृत्त्या झाल्या, पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रीपुरुषांना कळेल असे संपूर्ण भाषांतर सिद्ध केले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ह्या साऱ्या प्रयत्नांची दिशा सुबोधतेकडे आहे. तरीही देगलूर-बिलोलीकडील बोलीत वाढलेल्या, घराबाहेर तेलुगू ऐकणाऱ्या, बाजारात दखनी उर्दू बोलणाऱ्या आणि नातेसंबंधांनी कन्नड प्रदेशाशी जोडलेल्या माणसाला ग्रंथाची भाषा ही काही अंतरावरचीच भाषा राहते. हे अंतर ओलांडण्याची जागा म्हणजे उपदेश. वाचलेले वचन एका भाषेत असते आणि त्याचा उलगडा दुसऱ्या भाषेत होतो. बाहेरून आलेला दीक्षित पाळक हा उलगडा प्रमाण मराठीत करील. तक्त्यातून आलेला शेजारगावचा उपदेशक तो आपल्या बोलीत करील. म्हणून ‘कोणी बोलावयाचे’ हा प्रश्न सीमाप्रदेशात ‘कोणत्या मराठीत बोलावयाचे’ ह्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

ह्या दृष्टीने तीनही योजनांचा तोल पाहता असे म्हणावे लागते, की ग्रंथयोजना सातत्य देते पण आवाज एकच ठेवते. पाठक्रम वर्षाला आकार देतो आणि उपदेशकाच्या आवडीला लगाम घालतो, पण बोलण्याचा अधिकार वाटीत नाही. प्लॅन बोलण्याचा अधिकार वाटतो, पण बोलण्याला क्रम देत नाही. पाठक्रम आणि प्लॅन ह्यांचा संयोग, म्हणजे वचन सर्वांना समान आणि वक्ते अनेक, ही सर्वांत निकोप रचना होय असे आमचे मत आहे. संयुक्त मंडळ्यांत अँग्लिकनांचा पाठक्रम आणि मेथॉडिस्टांची स्थानिक उपदेशकांची प्रथा एकत्र आल्यामुळे ह्या संयोगाला अनुकूल भूमी तयार झाली आहे. एकच दृष्टांत एका गावी शिक्षकाने सांगावा, दुसऱ्या गावी शेतमजुराने सांगावा आणि तिसऱ्या गावी पाळकाने सांगावा, ह्यात वाङ्मयाच्या अभ्यासकाला जी तुलनेची संधी आहे ती अन्यत्र क्वचितच मिळेल.

ही संधी मात्र कायम राहील असे समजता येत नाही. आज नामांकित वक्त्यांचे उपदेश आणि नामांकित महाराजांची कीर्तने मोबाइलवर घरबसल्या ऐकता येतात. ऐकणाऱ्याला निवड अमर्याद आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु श्रोत्याच्या कानाला सर्वोत्तमाची सवय लागली, की शेजारगावच्या अडखळत बोलणाऱ्या उपदेशकासाठी तक्त्यात चौकोन कोण राखून ठेवणार? सप्ताहाच्या पत्रिकेत नवख्या कीर्तनकाराला कोण जागा देणार? योजनेचा खरा उपयोग श्रेष्ठ वक्त्यांना नसतो. त्यांना श्रोते आपोआप मिळतात. योजना असते ती उमेदवारासाठी. ती मोडली, तर तोटा आजच्या श्रोत्याचा होणार नाही. तीस वर्षांनंतर त्या बोलीत बोलणारा कोणी उरणार नाही, हा तोटा होईल. जी बोली व्यासपीठावर कधी चढत नाही, ती हळूहळू केवळ स्वयंपाकघराची आणि शिवाराची होऊन राहते, आणि तिच्यात गंभीर विचार मांडण्याची शक्ती क्षीण होते.

म्हणून विद्यापीठीय संशोधनापुढे येथे एक निश्चित काम आहे. मंडळ्यांच्या कपाटांत पडलेले जुने तक्ते, परीक्षाधीन उपदेशकांविषयीच्या सभांची इतिवृत्ते, उपदेशकांच्या टिपणवह्या, आणि त्याचबरोबर सप्ताहांच्या पत्रिका ही सर्व वाङ्मयेतिहासाची साधने समजून जमविली पाहिजेत. त्यांवरून कोणत्या गावी कोण बोलले, किती वेळा बोलले, कोणत्या वचनावर बोलले आणि सभेने त्याचे गुणदोष काय ठरविले, ह्याचा मागोवा घेता येईल. उपदेश उपलब्ध नसला तरी उपदेशाचा साचा उपलब्ध होईल, आणि साच्यावरून ओतीव वस्तूचा आकार बराचसा कळतो. ह्या कामासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही, वारकरी असण्याचीही नाही. मराठी गद्य प्रथम कोठे आणि कोणाच्या तोंडून घडले, ह्याविषयी कुतूहल असले म्हणजे पुरे.